घोड्याच्या पोथीतली बैलांची पानं

“डॉक्टर ताई, घोडा रवंथ करते का जी?”

हा प्रश्न मला आमच्या कॉलनीतल्या एका बारशाच्या जेवणात विचारला गेला. मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यांत, गोठ्यांत आणि गावोगावच्या लसीकरणाच्या शिबिरांत गेली. निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. अशा जेवणांत लोक मला आपापल्या कुत्र्यांची दुखणी सांगतात, त्याची सवय होती. घोड्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. रायपुरात घोडा आता दिसतो तो वरातीत, तोही झालर घातलेला.

विचारणारी बाई माझ्याहून बरीच लहान, चाळिशीतली. तिचे वडील रेल्वेत होते, माझेही रेल्वेतच. दोन्ही घरं विदर्भातून इकडे आलेली, त्यामुळे तोंडओळख होती. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात ती हस्तलिखितांचा विभाग सांभाळते, एवढंच मला माहीत होतं.

“नाही करत,” मी म्हटलं. “काहून?”

“मग माझ्या घोड्याच्या पोथीत घोडा रवंथ काहून करून राहिला?”

तिनं पदराला हात पुसले आणि मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. हातकागदाचं पिवळसर पान, त्यावर काळ्या शाईच्या ओळी, कुठेही न तुटणाऱ्या. लिपी मोडी, म्हणजे मला त्यातलं एक अक्षर कळेना. तिनं तिथंच, जिलेबीच्या ताटावर, मला ते वाचून दाखवलं. आजारी जनावराची लक्षणं होती. ते रवंथ सोडतं, कान गार पडतात, नाकपुड्यांमधला नेहमीचा ओलावा सुकतो.

मी जेवायची थांबले. नाक ओलं आहे की कोरडं, हे मी आयुष्यभर गोठ्यात शिरल्या शिरल्या आधी पाहत आले.

“हे घोड्याचं नाही,” मी म्हटलं. “हे बैलाचं आहे. नाहीतर गाईचं.”

“मलेही तेच वाटून राहिलं होतं,” ती म्हणाली. “पण मी सांगून काय फायदा? मी तर घोडा वरातीतच पाहिला.”

पुढच्याच आठवड्यात तिनं मला ग्रंथालयात बोलावलं.

त्या इमारतीसमोरून मी शेकडो वेळा गेले असेन. आत वाचनालय आहे, मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसतात, हे दिसायचं. त्याच्यामागे अशी एक खोली असेल याची कल्पना नव्हती. दार उघडताच वेखंडाचा वास आला. किडीसाठी ती कपाटांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते. कपाटांतून लाकडी फळ्यांमध्ये धरलेल्या आणि कापडी बासनांत गुंडाळलेल्या पोथ्या ओळीनं निजवलेल्या होत्या. हो, निजवलेल्याच. ती म्हणते की उभी केली की पोथीची कंबर जाते.

मला आधी वाटलं, सगळं देवाधर्माचं असेल. तसं नव्हतं. एका बासनात रत्नांची पारख कशी करावी याचा ग्रंथ होता. दुसऱ्यात विहिरीसाठी जागा कशी शोधावी याचा. पूर्वेकडून, उडिया मुलखातून आलेली ताडपत्रं होती, त्यांत तापावरचे काढे आणि मोडलेलं हाड बसवायच्या रीती. ताडपत्रावर लोखंडी टोकानं कोरून मग वर काजळी चोळतात, तेव्हा अक्षर दिसतं. ते तिनं मला भिंगाखाली दाखवलं. एवढ्या बारीक, एवढ्या सरळ ओळी हातानं कोरणाऱ्या माणसांचा मला हेवा वाटला. मी आयुष्यात शेकडो शवविच्छेदनांचे अहवाल लिहिले, पण माझं अक्षर माझ्या कंपाउंडरलासुद्धा लागत नसे.

“ही तुमची,” असं म्हणत तिनं घोड्याची पोथी टेबलावर ठेवली.

भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून इकडे आलेल्या कुण्या घराण्यातून ती ग्रंथालयाकडे आली होती. सूचीत ‘अश्वचिकित्सा, मराठी, मोडी लिपी, अपूर्ण’ अशी नोंद होती. पानं सुटी होती. अडचण अशी की पानांचे आकडे ज्या कोपऱ्यात घालतात, तो कोपराच उंदरांनी कुरतडून नेला होता. बहुतेक पानं कुठल्यातरी काळी विखुरली असावीत आणि कुणीतरी ती जशी हाताला लागली तशी परत बांधली असावीत. अक्षर सगळीकडे एकाच हाताचं, कागद एकाच मापाचा. त्यामुळे सूची करणाऱ्यानं पहिलं पान घोड्याचं पाहिलं आणि सगळ्या गठ्ठ्याला घोड्याचं नाव दिलं. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही तेच केलं असतं.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरला. गुढियारीतल्या घरातून सकाळचं आवरून निघायचं, दुपारपर्यंत तिच्याकडे. ती वाचायची, मी ऐकायची. तिचं वाचन ऐकण्यासारखं असे. मोडीत शब्द एकमेकांना चिकटलेले, म्हणून ती आधी ओठांतल्या ओठांत पुटपुटत ओळ सोडवायची आणि मग मोठ्यानं म्हणायची. अडली की पान सोडून खिडकीबाहेर बघायची. मी काही सुचवायला गेले तर हात वर करायची, “थांबा ताई, येऊन राहिलं.” आणि यायचंच. पानाला ती बोट लावत नसे. एक पातळ पुठ्ठा अलगद खाली सरकवायची आणि तान्ह्या बाळाला कूस बदलून द्यावी तसं पान उलटायची.

मी तिला माझ्या विषयातल्या खुणा सांगितल्या. जनावर ढेकर देतं असं आलं की ते घोडा नव्हे, घोड्याला ढेकर येत नाही, म्हणून तर त्याचं पोट दुखलं की जिवावर बेततं. वरच्या जबड्यात पुढचे दात असतील तर घोडा, गाईबैलांना तिथे नुसती कडक गादी असते. खूर दुभंगलेला असेल तर बैल. जू लागून खांदा सुजला असेल तर बैल. पोट फुगलं म्हणून तोंडात आडवी काडी बांधायला सांगितली असेल तरीही बैल, कारण ती चघळताना लाळ सुटते आणि कोंडलेला वायू ढेकरावाटे निघतो. हा उपाय मी स्वतः खेड्यांत होताना पाहिला होता.

घोड्याची पानं खिडकीच्या बाजूला, बैलांची दाराच्या बाजूला, अशी वाटणी सुरू झाली. मधोमध एक तिसरा ढीग वाढू लागला. जखमेत किडे पडले, डोळ्यात फूल पडलं, हाड मोडलं, ही दुखणी दोघांनाही होतात. तिथे माझी विद्या संपत होती.

तो ढीग तिनं सोडवला. एक दिवस ती म्हणाली, “ताई, एक गोष्ट ध्यानात आली का? घोड्याच्या पानावर हा माणूस नेहमी ‘ऐसे म्हणतात’ असं लिहिते. बैलाच्या पानावर ‘म्यां पाहिले’ असं लिहिते.”

मी उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिले, वाचता येत नसूनही. तिनं एकामागून एक पानं दाखवली. खरंच होतं. घोड्यांचं जे होतं ते त्यानं जुन्या संस्कृत ग्रंथांवरून मराठीत उतरवलं होतं, आदरानं आणि व्यवस्थित, पण दुसऱ्याच्या तोंडचं. बैलांचं मात्र त्याचं स्वतःचं होतं. कुठल्या रानात, कुठल्या ऋतूत, किती वयाचं जनावर, काय दिलं, काय झालं, सगळं. आणि सर्वांत नवल म्हणजे जिथे औषध चाललं नाही, तिथे त्यानं तसंच लिहून ठेवलं होतं. गुण आला नाही. जनावर गेले. हे कोणी देऊ नये.

त्यातलं एक पान माझ्या मनातून जात नाही. ते घटसर्पाचं होतं. या रोगात जनावराचा घसा सुजतो, श्वास घोरू लागतो आणि पाहता पाहता ते जातं. आज त्यावर लस आहे. पण माझ्या नोकरीच्या सुरुवातीला बीरगावच्या पलीकडच्या खेड्यांत मी गेले की सुजलेल्या गळ्यावर तापल्या लोखंडानं डागलेली जनावरं दिसायची. मी रागवायची, हात जोडायची, माणसं मान डोलवायची आणि मी गेल्यावर पुन्हा डागायची. मी नवी, बाई, त्यातून शहरातली. माझं कोण ऐकणार?

या माणसानंही डागलं होतं. आधी वडीलधारी करत आली म्हणून त्यानंही केलं. मग त्यानं लिहिलं की डागलेली आणि न डागलेली, दोन्ही सारखीच मेली, डागलेली अधिक तळमळून मेली. म्हणून डागू नये. त्याऐवजी आजारी जनावर बाकीच्यांपासून दूर बांधावं आणि त्याच्या डोणीतलं पाणी दुसऱ्या कुणाला पाजू नये.

जंतू ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. सूक्ष्मदर्शक त्यानं पाहिला नसणार. त्याच्याजवळ होते दोन डोळे आणि जे दिसलं ते मान्य करायची तयारी. ती बाई वाचता वाचता थांबली, कारण माझे डोळे भरून आले होते.

“काय झालं ताई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “हे भांडण मी एकटीच भांडत होते असं मले वाटे.”

तिनं पाणी आणून दिलं, पण टेबलापासून लांब, दाराजवळ. पोथीजवळ ती पाणी येऊ देत नाही, रडणाऱ्या माणसासाठीसुद्धा नाही. मला हसू आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वाटणी पुरी झाली. तिनं वरिष्ठांकडे प्रस्ताव दिला की ही एक पोथी नसून दोन आहेत, नोंद बदलावी. वरिष्ठ भले गृहस्थ. ते म्हणाले की जुनी नोंद अशी कुणाच्याही सांगण्यावरून बदलता येत नाही, जाणकाराचं मत हवं. तेही बरोबरच होतं. मग नागपूरहून मोडीचे एक ज्येष्ठ अभ्यासक आले. सत्तरी पार केलेले, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. गाडीतून उतरले ते थेट ग्रंथालयात. चहासुद्धा नको म्हणाले.

सगळा दिवस त्यांनी पानं पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, “हस्ताक्षर एक, कागद एक, शाई एक. बाई, मला तर हा एकच ग्रंथ दिसतो. आधी घोडे, मग बैल, असे दोन भाग असतील.”

“पण सर, भाषा वेगळी आहे ना,” ती म्हणाली.

“भाषा विषयाप्रमाणे बदलते. आणि बैलांच्या ढिगातली काही पानं मला घोड्यांची वाटतात. हे बघा, इथे नाडी पाहायला सांगितली आहे, शेपटीच्या खाली. नाडी तर कुठल्याही जनावराची पाहतील.”

मी खुर्ची पुढे ओढली. आता राहवेना.

“सर, घोड्याची नाडी जबड्याच्या कडेला पाहतात. शेपटीखाली पाहायची ती गाईबैलाची. घोड्याच्या शेपटीखाली तुम्ही बोट घालून पाहा, पण मी तुमच्या मागं उभी नाही राहणार.”

ते मोठ्यानं हसले. म्हणाले, “मग गाईची दाखवा.”

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते उठून उभे राहिले होते.

आमच्या घराजवळ, मालधक्क्याच्या रस्त्याला एका बाईच्या सात-आठ गाई आहेत. तिच्या गाईंच्या अडल्या बाळंतपणांना मी जात असे, आजही जाते. आम्ही तिघं ऑटोनं तिथे गेलो. धारा काढायची वेळ व्हायची होती. नागपूरहून आलेल्या साहेबांना गाईची शेपटी उचलायची आहे, हे तिला समजावणं सोपं नव्हतं.

“काबर? का होगे मोर गाय ला?” तिनं घाबरून विचारलं. का, माझ्या गाईला काय झालं?

“कुछ नहीं हुआ दीदी,” मी म्हटलं. “सर पढ़ने आए हैं।”

तिनं सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग म्हणाली, “हव, पढ़ लेवव,” आणि सगळ्यांत गरीब गाय पुढे केली.

मी शेपूट थोडी वर धरली आणि सरांची दोन बोटं नेमक्या जागी टेकवली. आधी त्यांना काही लागेना. ते जोरानं दाबत होते. मी सांगितलं की अलगद, नुसती टेकवून ठेवा. मग त्यांचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या. त्यांनी डोळे मिटले. गाय चारा चघळत उभी होती, माशा उडत होत्या, शेजारून मालगाडी खडखडत गेली, आणि आयुष्यभर कागदावरची अक्षरं वाचलेला तो म्हातारा माणूस शेणात चप्पल रुतलेली असताना ठोके मोजत उभा राहिला.

“लागली,” ते हळूच म्हणाले. “अहो, लागली.”

आम्ही ऑटोनं परत आलो. ग्रंथालयात आल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले, चांगले कोरडे केले आणि तेच पान पुन्हा मागवलं. त्यात लिहिलं होतं की बोट दाबू नये, जनावर आपला हात मान्य करेपर्यंत थांबावं. सकाळी तेच वाक्य त्यांनी वाचलं होतं. आता त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

“हे पान गाईबैलांचं, हे मला पटलं,” ते म्हणाले. “पण ग्रंथ दोन, हे अजून सिद्ध होत नाही. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते सिद्ध केलं. दोन्ही ढिगांतली पानं ते पुन्हा पाहत होते. बैलांच्या ढिगातल्या एका पानाच्या माथ्यावर, कुरतडलेल्या जागेला लागून, गणेशाला आणि गुरूला नमन करणारी अर्धी ओळ शिल्लक होती. आम्ही ती प्रकरणाची सुरुवात समजलो होतो. ते म्हणाले की प्रकरणाला कुणी असं नमन करत नाही, ग्रंथाला करतो. घोड्यांच्या पहिल्या पानावर तसंच नमन होतं. दोन नमनं, म्हणून दोन ग्रंथ. आधी त्या माणसानं जुनं शास्त्र शिकायला म्हणून उतरवून काढलं असावं, आणि मग स्वतःचं लिहायला बसला असावा.

तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. तिनं सरांना वाकून नमस्कार केला. सर तिला म्हणाले, “बाई, ‘म्यां पाहिले’ तुम्ही पाहिलंत. मी एवढी वर्षं मोडी वाचतो, पण मी अक्षरं पाहत बसलो.” मग मला म्हणाले, “आणि डॉक्टर, तुम्ही मला म्हातारपणी गोठ्यात नेलंत.”

नोंद बदलली. बैलांच्या ग्रंथाला स्वतःचा क्रमांक मिळाला. कर्त्याचं नाव मात्र कळलं नाही. शेवटचं पान, जिथे नाव असतं, ते कुठल्याच ढिगात नव्हतं. सूचीत ‘अज्ञात’ लिहावं लागलं तेव्हा ती हळहळली. मला तेवढं वाईट वाटलं नाही. त्या माणसाच्या हाताची पद्धत मला ठाऊक झाली होती. नाव कळलं असतं तर आणखी काय कळलं असतं?

नव्या बासनासाठी कापड घ्यायला आम्ही दोघी गोल बाजारात गेलो. लाल सुती कापड हवं होतं, रंग न जाणारं, खळ न लावलेलं. तिनं चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी कापडाचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून बघायची. चौथा दुकानदार वैतागला. “पूजा के लिए चाहिए क्या, दीदी?”

“वैसा ही समझो, भैया,” ती म्हणाली आणि रुमाल बघत राहिली.

आता दोन्ही पोथ्यांची छायाचित्रं निघाली आहेत, आणि ती मला मोडी शिकवते आहे. माझी प्रगती फार मंद आहे. परवा पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना मी ग्रंथालयात घेऊन गेले. बहुतेक मुलीच होत्या. माझ्या काळी वर्गात आम्ही दोघीच होतो. त्यांतल्या एक-दोघी आपल्या मराठी घरांतल्या, सगळं समजणाऱ्या पण उत्तर हिंदीत देणाऱ्या. ग्रंथपालबाईनं त्यांच्यासाठी अडलेल्या गाईचं पान काढलं. वासरू आडवं आलं तर हात कसा घालावा, ते त्यात पायरीपायरीनं आहे. ती एकेक ओळ वाचत होती, मी हिंदीत सांगत होते. आजच्या पुस्तकांत जे आहे त्यातलं बरंचसं तिथे होतं, आणि काय नव्हतं, तेही मी सांगितलं. मुली वाकून ऐकत होत्या.

मग त्या माणसाची एक सूचना आली. हात घालण्याआधी नखं काढावीत, हाताला तेल लावावं, अंगठी असेल तर उतरवावी.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पटकन आपली लांब, रंगवलेली नखं ओढणीखाली लपवली.

“मॅम, इनको कैसे पता चला?” ती म्हणाली.

सगळ्या खोलीत हशा पिकला. ग्रंथपालबाईसुद्धा हसली, एरवी त्या खोलीत ती कुणाला मोठ्यानं हसू देत नाही. मग तिनं पुठ्ठा पुढच्या पानाखाली सरकवला.